फोंतीची मापं

रुंदी सत्तावीस फूट, चार इंच.
उंची नीट सांगता येत नाही.
कपाळपट्टीवर पिंपळ उगवलाय,
तो धरायचा की सोडायचा
हे खात्याच्या फॉर्ममध्ये नाही.

तिसवाडीत, डोंगर जिथे गुडघा टेकतो
तिथे ही भिंत: लाल चिरा, वर शिंपल्या भाजून केलेला चुना,
चार अर्धखांब, भिंतीतून पुरते बाहेर न आलेले,
जेवायला बसा म्हटलं नाही म्हणून
दारातच थांबलेल्या पाहुण्यांसारखे.
मधे कोनाडा. खाली दोन तोट्या,
तोट्यांना दोन तोंडं.

ही तोंडं मी तीन दिवस काढतोय.

नकाशा म्हणे जहाजातून आला,
सहा महिने खाऱ्या हवेत मुरत.
त्यात डॉल्फिन होता, तिकडे काढतात तसला,
जाड ओठांचा, शेपूट वळवून डोक्यावर घेतलेला.
झिलू च्यारीने कागद सुलटा धरला, उलटा धरला.
असला मासा त्याच्या बाजारात कधी आला नव्हता.
मग त्याने छिन्नी लावली, आणि चणक केला:
वर आलेला खालचा जबडा,
पाठीवरचे काटे मोजून आठ,
आणि कल्ल्यापाशी ती धारदार पात
जिच्या नावाने बायका अजून शिव्या घालतात.
उजवीकडचा जरा लहान, जरा घाबरलेला.
तो बहुधा मुलाने केला असावा.

कापितांव पाहायला आला. काय बोलला
ते कुणी लिहून ठेवलं नाही.
पैसे दिले, तेवढं वहीत आहे.

वर साल कोरलंय, रोमन आकड्यांत.
एक रेघ जास्त पडलीय.
त्यामुळे फोंत आपल्या वयाहून
एक वर्षाने तरुण.

पायऱ्या सात.
पाचवीच्या कडेला खळगे,
घागरींची बुडं टेकून टेकून
दगडाला पडलेल्या वाट्या.
खोली: दोन इंच. अडीच. पुन्हा दोन.

भिंतीला वळसा घालून मागे गेलं की
पुढून उरलेलं पाणी पन्हळीतून
गुरांच्या कुंडीत पडायचं.
पहिल्या दिवशी तिथे, आकाराचा अंदाज यावा म्हणून,
मी एक म्हैस काढली होती. बरी जमली होती.
कुंडीच्या काठालाही खळगे आहेत.
सव्वातीन. साडेतीन.

मी पुन्हा मोजलं.

म्हैस घागर टेकत नाही.

समोर सोप्यावर पिएदाद बसते, मांडीवर सूप घेऊन,
माझ्याकडे बघत, सुपातल्या सुंगटांकडे न बघता.
बोटांना सगळं ठाऊक आहे.
तिने विचारलं नाही, मीच विचारलं.
"आमचं मडकं मातीचं," ती म्हणाली,
"तांब्याचं पुढच्यांचं.
रविवारी सगळ्यांचे गुडघे एकाच इगर्जीत,
सोमवारी पाणी मागून."
मग एक सुंगट सोलून झाल्यावर:
"मातीनं दगड जास्त झिजतो,
हे तुझ्या शाळेत शिकवलं?"

नाही शिकवलं.

आता फारसं पाणी नाही. वरचा डोंगर
बंगल्यांसाठी कापला, तेव्हापासून डावा चणक कोरडा.
धाकट्याच्या ओठावर मात्र थेंब जमतो अजून,
लोंबतो, मन बदलल्यासारखा थांबतो.
घड्याळ लावलं: एकेचाळीस सेकंद.
फॉर्ममध्ये ह्यालाही रकाना नाही.

फॉर्मला दर्शनी बाजू हवी, फक्त दर्शनी.
तरी मी दुसरा कागद ताणून बसवला,
चारी कोपऱ्यांना पिना टोचल्या.
पिएदाद सूप ठेवून उठली,
कंबर धरत, मधला रस्ता ओलांडून आली
आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिली.
तिच्या हातांना माशाचा वास.

"मागली बाजू काढतोस, काढ.
पन्हळ काढ, कुंडी काढ.
ते जनावर तेवढं काढू नको."

मी खिशात रबर शोधतो.
मागे थेंब पडतो.